आंबायला घातलं, पण पुढे सरकेना

बालाघाट जिल्ह्यात मोहफुलं फाल्गुन-चैत्रात पडतात, उन्हात वाळतात आणि वर्षभर साठवणीत राहतात. त्यामुळे सडवा, म्हणजे दारूसाठी फुलं भिजवून आंबवलेलं मिश्रण, कोणत्याही महिन्यात घालता येतो. उन्हाळ्यात भिजवलेली फुलं तीन-चार दिवसांत फसफसून शांत होतात. पौषात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या वारासिवनीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, वर बैहरच्या पठारावर त्याहून खाली जातो, आणि तेव्हा तेच मडकं आठवडा उलटला तरी गोडच्या गोड राहतं. मग मडकं चुलीजवळ सरकवायचं, भोवती तणस रचायचं, वर गोणपाट टाकायचं आणि थांबायचं. बहुतेक वेळा एवढ्यानं काम भागतं.

पुण्यात, बंगळुरात किंवा न्यू जर्सीत बीअर करणारा मराठी माणूस याच अडचणीपाशी येऊन थांबतो. फरक इतकाच की त्याच्याकडे थर्मामीटर आहे, पाकिटातलं यीस्ट आहे आणि सल्ले देणारे भरपूर आहेत. सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी आणखी यीस्ट टाकायला सांगतो, कोणी साखर, कोणी बादली हलवायला, कोणी हातही लावू नको म्हणतो. या साऱ्या सल्ल्यांकडे एकत्र पाहिलं की दोन गोष्टी ठळक दिसतात. ज्या बीअरला लोक अडलेली म्हणतात तिच्यातली बरीचशी अडलेली नसतेच. आणि जी खरोखर अडलेली असते तिचं कारण बहुधा पहिल्या चोवीस तासांत घडून गेलेलं असतं, दहाव्या दिवशी ते फक्त नजरेस पडतं.

आधी कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली आणि मध्य प्रदेशात 1915 च्या अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना मोहाची दारू घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत करण्याची सूट आहे. महाराष्ट्रातल्या गडचिरोलीत 1993 पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. ब्रिटननं घरगुती बीअरवरची परवान्याची अट 1963 साली काढली, आणि अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्यानं घरची बीअर केंद्रीय पातळीवर मोकळी केली. म्हणून घरच्या बीअरबद्दलचं बहुतेक लिखित ज्ञान तिकडचं, 18-20 अंशांच्या तळघरांतलं आहे. आपल्याकडे पुण्यात 2009 साली डूलालीपासून परवानाधारक लहान ब्रुअऱ्या सुरू झाल्या, त्यांच्याकडे थंड पाण्याचं आवरण असलेल्या टाक्या आहेत. मेच्या 44 अंशांत किंवा पौषाच्या 10 अंशांत, टाकीशिवाय, काय होतं हे आपल्याला आपलंच बघावं लागतं.

सुरुवात मोजण्यापासून करू. झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बुडबुडे येणं थांबलं म्हणजे किण्वन थांबलं, हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत चुकीचा. बादलीचं झाकण कुठेतरी सैल असलं तर वायू तिकडून जातो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून गप्प राहतो. उलट, संपलेली बीअर दुपारी तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि एअरलॉक पुन्हा बोलू लागतो, म्हणून माणसाला वाटतं काम चालू आहे. खरी खूण एकच, घनता. सुरुवातीला 1.050 असलेली साधी बीअर 1.010 ते 1.014 च्या दरम्यान संपते. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घेतलेली मोजणी तीच आली तरच ती थांबली असं म्हणावं. आणि थांबलेली बीअर संपलेली की अडलेली, हा त्यानंतरचा प्रश्न.

मोजणीतही खाचा आहेत. नमुन्याच्या उंच नळीत हायड्रोमीटर सोडला की त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे चिकटतात आणि त्याला वर उचलतात, त्यामुळे आकडा दोन-तीन अंकांनी जास्त दिसतो. नमुना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात सात-आठ वेळा ओतून वायू काढून टाकावा, मग हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवून सोडावा, आणि डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचावा. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेले असतात. 35 अंशांच्या नमुन्यात तो साधारण चार अंक कमी दाखवतो. म्हणजे आमच्या मेमध्ये 1.012 वाचून बीअर झाली असं समजावं, तर ती खरी 1.016 वर असते. रिफ्रॅक्टोमीटर नेमका उलटा फसवतो. अल्कोहोलमुळे प्रकाश जास्त वाकतो, आणि पूर्ण झालेल्या बीअरमध्येही तो 6 ब्रिक्सच्या आसपास आकडा दाखवतो. ज्याला ही दुरुस्ती ठाऊक नाही तो व्यवस्थित संपलेल्या बीअरवर उपचार करत बसतो. मी वाचलेल्या आणि ऐकलेल्या तक्रारींत या जातीच्या तक्रारी इतक्या भरतात की मोजमाप विचारल्याशिवाय कोणालाही सल्ला देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

अडलेल्या पिंपाची चौकशी या विषयाइतकी फलदायी फार कमी ठिकाणी ठरली असेल. 1856 साली लील शहरात बीटरूटपासून मद्यार्क काढणाऱ्या बिगो नावाच्या कारखानदाराची पिंपं बिघडू लागली, म्हणून त्यानं तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावलं. ते लुई पाश्चर होते. चांगल्या पिंपांतल्या थेंबात त्यांना गोल, अंकुर फुटलेल्या यीस्टच्या पेशी दिसल्या, आणि आंबट पिंपांत बारीक काड्यांसारखे जिवाणू. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. तिथेच 1909 साली सोरेनसेन यांनी सामू मोजण्याची पट्टी ठरवली. पाश्चरच्या त्या निरीक्षणातून आजही पहिला फाटा फुटतो: मंद आहे की दूषित? मंद बीअर गोड लागते. दूषित बीअर आंबट लागते, कधी वर पातळ सायीसारखा पापुद्रा धरते. दुसरीला यीस्ट टाकून काही साधत नाही.

आता पहिला दिवस. उकळून गार केलेल्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, प्राणवायू जवळपास शिल्लक नसतो. यीस्टला मद्य करायला प्राणवायू लागत नाही, पण पेशीचं आवरण लवचीक ठेवणारे स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बनवायला तो लागतो. पेशी दुभंगते तेव्हा हा साठा दोघींत वाटला जातो. तीन-चार पिढ्यांत तो तुटपुंजा होतो आणि मग वाढत्या मद्यार्कात आवरण टिकत नाही. सुरुवात जोरात होते, अर्ध्यावर दम संपतो. 1.025 वर थांबलेल्या बीअरमागे हे कारण मला सर्वांत आधी आठवतं. हवा घुसळून वर्टमध्ये लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू मिसळतो आणि मध्यम बीअरला तेवढा पुरतो. भांडं पाच-सात मिनिटं जोरात हलवलं तरी तिथवर पोचता येतं. कोरड्या यीस्टमध्ये स्टेरॉलचा साठा कारखान्यातच भरलेला असतो, म्हणून त्याला ही गरज कमी. मात्र हे सगळं यीस्ट टाकतानाच करायचं. मद्य तयार झाल्यावर हवा घातली तर बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, ती परत जात नाही.

पेशींची संख्या हा दुसरा भाग. वरच्या थराच्या, म्हणजे एल जातीच्या बीअरला एका मिलिलिटरमागे आणि प्लेटो या साखरेच्या मापाच्या एका अंशामागे साडेसात लाख पेशी हव्यात, लागरला दुप्पट. 12 अंश प्लेटोच्या 20 लिटर वर्टला याप्रमाणे 18 हजार कोटी पेशी होतात. साडेअकरा ग्रॅमचं ताजं कोरडं पाकीट तेवढं काम करतं. ‘ताजं’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा लागतो. पाकीट मेमध्ये कुरिअरच्या गाडीत चार दिवस तापलं असेल तर वरची तारीख कितीही पुढची असो, आतल्या जिवंत पेशी कमी झालेल्या असतात. माल्टच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवलेलं यीस्टचं पाकीटही याच वाटेनं येतं. शंका असेल तर थोड्या कोमट, साखर विरघळलेल्या पाण्यात चिमूटभर टाकून अर्धा तास पाहावं. फेस आला तर जीव आहे, पण किती आहे ते त्यावरून कळत नाही. यीस्ट आधी पाण्यात भिजवावं की थेट टाकावं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. उत्पादकांनीही आता थेट टाकायला हरकत नाही असं सांगायला सुरुवात केली आहे. दाट, 1.070 च्या वरच्या वर्टसाठी मी तरी भिजवण्याच्या बाजूनं आहे.

तापमानाबद्दल तणसाचं शहाणपण अर्धं खरं आहे. एलचं यीस्ट 18 ते 22 अंशांत नीट चालतं, 14 च्या खाली त्यातल्या अनेक जाती तळाशी बसून घेतात. आमच्याकडे पौषात खोली दिवसा 24 आणि पहाटे 13 असते. या रोजच्या चढउतारानं यीस्टला जितका त्रास होतो तितका स्थिर 16 अंशांनी होत नाही. म्हणून बादली पाण्यानं भरलेल्या मोठ्या टबात ठेवणं हा उत्तम उपाय: पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. तणसही हेच करतं, चढउतार थोपवतं. उष्णता मात्र चुलीकडूनच यावी लागते. आणखी एक सावधगिरी अशी की 35 अंशांच्या पाण्यात भिजवलेलं यीस्ट एकदम 16 अंशांच्या वर्टमध्ये ओतू नये. फरक 10 अंशांच्या आत ठेवावा, आधी थोडं थोडं वर्ट त्यात घालून ते निववावं.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. 30 च्या वर साधं एल यीस्ट सुसाट सुटतं, उग्र वासाचे जड अल्कोहोल बनवतं आणि उष्णता व मद्यार्क दोन्ही वाढले की मध्येच गळपटतं. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरांनी जपलेलं क्वाइक यीस्ट 30 ते 40 अंशांत स्वच्छ काम करतं. पूर्व विदर्भाच्या आणि बालाघाटच्या हवेला त्याच्याइतकं जुळणारं दुसरं मला दिसत नाही. पण ते खादाड आहे, पातळ वर्टमध्ये त्याला पोषण कमी पडतं.

पोषणाचा हा भाग आपल्या मातीत सर्वांत रंजक आहे. साखर म्हणजे यीस्टचं इंधन. शरीर बांधायला त्याला नायट्रोजन लागतो. निव्वळ जवाच्या माल्टचं वर्ट त्या बाबतीत श्रीमंत असतं, लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या वर वापरण्याजोगा नायट्रोजन त्यात सहज असतो. गुळाचं पाणी, मध आणि काही अंशी मोह इथे गरीब आहेत. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, प्रथिनं थोडी. महाराष्ट्रातल्या हातभट्टीच्या प्रत्येक छाप्याच्या बातमीत काळ्या गुळाशेजारी नवसागर का असतो, याचं रासायनिक उत्तर हेच आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, नुसत्या गुळावर उपाशी राहणाऱ्या यीस्टला ते नायट्रोजन देतं. कृती घातक आहे, कारण तो माल खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो आणि प्रमाण कोणी मोजत नाही. काही ठिकाणी युरिया टाकतात, तो आणखी वाईट; त्यातून कर्करोगाशी जोडलं गेलेलं एथिल कार्बामेट तयार होऊ शकतं. पण भट्टीवाल्यानं अडलेल्या सडव्याचं निदान अचूक केलं होतं, हे मान्य करायला हवं. परवानाधारक मीडरीत, म्हणजे मध आंबवून मीड करणाऱ्या कारखान्यात, हेच काम खाद्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट आणि मृत यीस्टपासून केलेलं पोषक करतं. पुण्याच्या मूनशाइनसारख्या मीडरीची मधाशी रोजच गाठ पडते, आणि मध हा किण्वनाला सर्वांत नाखूश पदार्थ. त्यात नायट्रोजन कमी आणि सामू धरून ठेवण्याची ताकदही कमी. यीस्ट आम्ल सोडतं, सामू 3 च्या खाली घसरतो आणि यीस्ट स्वतःच बंद पडतं. म्हणून मीडमध्ये पोषण एकदम न घालता पहिल्या तीन-चार दिवसांत हप्त्यांनी घालतात.

वारासिवनीकडचा बीअर करणारा तांदळाकडे वळणारच. हा चिन्नोरचा मुलूख, बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोर ताटातच राहू द्यावा. राइस मिलमधली कणी बीअरला पुरे. कणी वर्ट हलकं आणि स्वच्छ करते, पण तिच्यातून साखर येते, नायट्रोजन जवळजवळ येत नाही. एकूण धान्याच्या एक-तृतीयांशापर्यंत कणी ठेवली तर चांगला माल्ट तिला सांभाळून घेतो. निम्मी कणी घातली तर किण्वन रेंगाळणार. शिवाय तांदळाचा स्टार्च माल्टच्या नेहमीच्या तापमानाला पुरता फुलत नाही, म्हणून कणी आधी मऊ भातासारखी शिजवून मगच माल्टमध्ये मिसळावी लागते. जस्त हा आणखी एक घटक, लिटरमागे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम इतकाच लागतो, पण तो नसला तर किण्वन लंगडतं.

काही बीअर अडत नाहीत, त्यांच्यात आंबण्याजोगी साखरच उरलेली नसते. माल्टमधली दोन विकरं स्टार्च तोडतात. 60 ते 65 अंशांत बीटा-अमायलेज जोरात असतं आणि यीस्टला आवडणारा माल्टोज बनवतं. 70 च्या आसपास अल्फा-अमायलेज राज्य करतं आणि यीस्टला न पचणारे मोठे तुकडे जास्त उरतात. थर्मामीटर तीन अंश चुकीचा असला की 66 ऐवजी 69 ला माल्ट भिजतो आणि बीअर 1.020 वर थांबते. तिथे यीस्टचा काहीच दोष नसतो. माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरणाऱ्याच्या हातात तर हे तापमान नसतंच.

गुळाबद्दलचा एक बारकावा फारसा बोलला जात नाही. ग्लुकोज समोर असेपर्यंत यीस्ट माल्टोज आत घेण्याची यंत्रणा बंद ठेवतं. सुरुवातीलाच भरपूर साखर घातली तर ते त्यावर अनेक पिढ्या वाढतं, आणि माल्टोजची पाळी येते तेव्हा थकलेलं असतं. म्हणून दाट बीअरमध्ये गूळ घालायचाच असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माल्टोज बराच खपल्यावर घालावा. नाशिकच्या वाइनमध्ये याचं भावंड भेटतं. द्राक्षरसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखे असतात, यीस्ट ग्लुकोज आधी संपवतं, आणि अडलेल्या टाकीत शेवटी उरतो तो फ्रुक्टोज.

गोव्याची काजूची नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, मात्र सहसा अडत नाही. तिच्यात कोणी यीस्टही टाकत नाही. मार्च ते मे या उबेच्या हंगामात, फळावरच्या यीस्टवर, ती तीनेक दिवसांत आंबून उराक-फेणीच्या भट्टीवर चढते. रसात साखर माफक असल्यानं मद्यार्क फार चढत नाही आणि यीस्टवर शेवटचा ताण येत नाही. दाट बीअर करण्याची हौस असलेल्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. 1.045 वर समाधानी राहणाऱ्याला ही अडचण क्वचितच भेटते.

आता खरोखर अडलेल्या बादलीचं काय करावं? आधी तिला 21-22 अंशांवर आणून दोन दिवस ठेवावं आणि झाकण न उघडता हलकेच गोल हिंदकळावं, म्हणजे तळाशी बसलेलं यीस्ट वर येईल. लवकर गोळा होऊन बसणाऱ्या इंग्लिश जातींना एवढंच पुरतं. तरीही आकडा हलला नाही तर एक चाचणी करावी, जी मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी वाटते. 200 मिलिलिटर बीअर वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढायची, त्यात भरपूर ताजं यीस्ट टाकायचं, बेकरीचं असलं तरी हरकत नाही, तोंड सैल झाकून 25-27 अंशांवर ठेवायची आणि अधूनमधून हलवायची. दोन-तीन दिवसांत ही बाटली जिथे थांबेल तो त्या वर्टचा तळ. बाटलीही 1.020 वरच थांबली तर मुख्य बादली संपलेली आहे, तिला तशीच प्यावी. बाटली 1.012 ला गेली तर बादलीतलं यीस्ट खरोखर थकलं आहे.

तेव्हाही कोरडं पाकीट वरून भुरभुरवणं सहसा वाया जातं. मद्यार्क आहे, प्राणवायू नाही, सोपी साखर संपलेली, अशा जागी झोपेतली पेशी उठत नाही. अर्धा-एक लिटर पातळ वर्टमध्ये नवं यीस्ट आधी जागं करावं, त्यात थोडी थोडी अडलेली बीअर मिसळत त्याला सवय लावावी आणि फेस ऐन भरात असताना सगळं ओतावं. या टप्प्यावर अमोनियम फॉस्फेट टाकण्यात अर्थ नाही. यीस्ट ते उचलत नाही आणि विरघळलेला वायू एकदम उसळून बीअर जमिनीवर येते. ग्लुकोअमायलेज हे विकर न पचणारे तुकडेही तोडतं, पण ते कुठे थांबायचं हे ऐकत नाही. बीअर कोरडीठक्क होते. मी त्याला शेवटच्या जागी ठेवीन, आणि चव खरोखर असह्य गोड असेल तेव्हाच.

अडलेली बीअर संपली समजून बाटल्यांत भरणं हा यातला एकमेव खरा धोका. 1.020 वर भरलेली बीअर बाटलीत जागी होऊन 1.012 पर्यंत उतरली तर लिटरमागे सुमारे 8 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड नव्यानं तयार होतो, त्यात बीअरमध्ये आधीच विरघळलेला मिळवायचा. नेहमीच्या बाटलीत तो एकूण 5 ग्रॅमच्या आसपास असतो. पौषात भरलेली अशी बाटली फाल्गुनात खोली तापू लागली की फुटते, आणि काच दूरवर उडते. भरून झाल्यावर शंका आली तर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या कराव्यात, पूर्ण गार झाल्यावर जाड कापडात धरून एकेक उघडावी आणि बीअर परत बादलीत न ओतता तशीच संपवावी किंवा टाकून द्यावी, कारण ओतताना शिरलेली हवा तिला आठवडाभरात शिळं करते.